खांबाआडचा सिनेमा

वेंकटरावांना सिनेमाचं वेड नव्हतंच, वेड होतं ते थिएटरचं, असं त्यांची बायको अंबा म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सिनेमा भिकार निघाला तरी वेंकटरावांचा दिवस वाया जात नसे. पडदा मात्र नीट उघडला पाहिजे. लाल मखमलीचा, खाली जरीची झालर लावलेला पडदा सावकाश चुण्या घेत वर जायला हवा आणि तो जात असताना भिंतीवरचे रंगीत दिवे एकेक करून मालवायला हवेत. जिथं पांढरी भिंत उघडीच टाकलेली असते, ते थिएटर नव्हे, शाळेचा वर्ग, असं ते तावातावानं सांगायचे. ऐकणारा जांभई देऊ लागला तरी सांगायचे.

तंजावूरच्या कलेक्टर कचेरीत त्यांनी सारी नोकरी केली, पण कचेरीबद्दल त्यांच्या तोंडून कधी दोन वाक्यं निघाली नाहीत. थिएटरांबद्दल विचारायचीही गरज नसे. वडिलांची बदली ओरत्तनाडूला होती तेव्हा त्यांनी पहिला सिनेमा तंबूत बघितला. जमिनीवर वाळू टाकलेली असायची. पोरं ती वाळू ओढून उंच ढीग करायची आणि त्यावर राजासारखी बसायची. मागचा माणूस ओरडला की ढीग मोडायचा, तो गप्प झाला की पुन्हा रचायचा. "सिनेमा बघणाऱ्यानं आपलं आसन आपण तयार करायचं, ते खरे दिवस," असं वेंकटराव म्हणत. गावाबाहेर नवीन मॉल झाला तिथं नातीनं, हरितानं, त्यांना एकदा नेलं. खुर्चीचं बटण दाबल्यावर पाय आपोआप वर आले, तेव्हा ते दचकून उठून उभेच राहिले. "हें न्हाव्याचं दुकान कीं काय?" असं त्यांनी भर सिनेमात मोठ्यानं विचारलं. हरितानं त्यानंतर त्यांना पुन्हा कधी नेलं नाही.

त्यांच्या लेखी थिएटर एकच, कीळ राजवीथी रस्त्याच्या मागचं मीनलोचनी टॉकीज. दारात दोन सिमेंटचे हत्ती, आत गोल जिना, छताला कमळं. खेळाच्या आधी गच्चीवरच्या भोंग्यातून देवाचं गाणं लागायचं. ते ऐकलं की आसपासच्या घरांतल्या बायका चूल विझवून वेणीत फुलं माळायला लागत. सोड्याच्या बाटलीची गोटी आत ढकलल्याचा आवाज, भाजक्या शेंगदाण्यांचा वास, डोक्यावर कुरकुरणारे पंखे, हे सगळं वेंकटरावांना पाठ होतं. पंखा कुरकुरला नाही तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

त्या काळी मीनलोचनीत बायकांची बाजू वेगळी असे. डावीकडे, बाल्कनीच्या खाली, कमरेएवढी भिंत घालून त्यांचे बाक मांडलेले होते. वेंकटरावांचं लग्न सत्तर साली झालं आणि तिरुवैयारूची अंबा त्यांच्या घरी सगळ्यांत धाकटी सून म्हणून आली. सासू, आत्तेसासू, तीन जावा अशा बायका बाकावर बसायच्या त्या वयाच्या क्रमानं. धाकट्या सुनेला मिळायची ती बाकाची अगदी शेवटची जागा, आणि तिच्यासमोर बाल्कनी तोलून धरणारा जाडजूड खांब. त्या खांबानं पडद्याची डावी बाजू अख्खी गिळली होती. उजवीकडे नायिका बोलायची, डावीकडून कुणीतरी उत्तर द्यायचं, आणि ते कोण हे अंबाला आवाजावरून ओळखावं लागायचं. मान लांब करून बघायला गेली की आत्तेसासू मांडीवर चापट मारायची.

लग्नानंतर त्यांनी पाहिलेला पहिला सिनेमा नदीकाठच्या गावातला होता. शेवटी नायक गाव सोडून जातो. नायिका उजवीकडे घाटाच्या पायरीवर उभी, तो हातात पेटी घेऊन डावीकडे नावेकडे चाललेला. बायकांच्या बाजूला नुसती रडारड. अंबाही रडली, पण तिच्या डोळ्यांपुढे होता तो खांब. घरी आल्यावर ती ताक घुसळायला बसली आणि वेंकटराव पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आले. लग्नाला महिना झाला नव्हता. दोघं एकमेकांशी धड बोललेलीही नव्हती. तिनं मान वर न करता विचारलं,

"तो गेला तेव्हां वळून बघितलं कां त्यानं? मला खांब होता."

आता खरी गोष्ट अशी, की नायकानं वळून बघितलं नव्हतं. तो पाठमोरा गेला, नावेत चढला, नाव निघून गेली. वेंकटरावांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्यांनी अंबाकडे पाहिलं. आई-बाप नदीपलीकडे सोडून आलेली ती मुलगी, डोळे सुजलेले, रवी हातात तशीच धरलेली. त्यांना काय वाटलं कोण जाणे.

"बघितलं कीं," ते म्हणाले. "पेटी खालीं ठेवली. उपरण्यानं डोळे पुसले. मग गेला."

अंबानं एकदम वर बघितलं आणि ती हसली. त्या हसण्यानं वेंकटराव कामातून गेले ते कायमचे.

मग दर सिनेमाला तेच. रात्री अंबा ताक घुसळायची नाहीतर दुसऱ्या दिवसाची डाळ निवडायची, वेंकटराव उंबऱ्यात बसायचे आणि खांबाआडचा सिनेमा सांगायचे. बराचसा खरा सांगायचे. पण जिथं अंबाचा जीव तुटेल असं वाटे, तिथं हात जरा सैल सोडायचे. उपाशी पोराला कुणीतरी इडली आणून द्यायचं. सुनेला छळणारी सासू पायरीवरून घसरायची. पुढं ती कमरेएवढी भिंत पाडली, सासू-आत्तेसासू गेल्या, बाकीची नवराबायको शेजारी बसू लागली, तरी अंबा मात्र आपली त्याच बाकावर, त्याच खांबामागं. "मला इकडेंच सवय आहे," म्हणायची. वेंकटराव आपल्या उजवीकडच्या खुर्चीत. एका थिएटरात त्यांनी शेकड्यांनी सिनेमे पाहिले, पण शेजारी बसून एकही नाही.

घरात टीव्ही आला आणि वेंकटरावांची पंचाईत झाली. तो नदीकाठचा सिनेमा वर्षातून एकदा तरी लागायचाच. नाव दिसलं रे दिसलं की ते चॅनेल बदलायचे. "टीव्हीवर कापून कापून दाखवतात. अर्धं राहत नाहीं. त्यांत काय बघायचं?" असं म्हणून बातम्या लावायचे. बातम्यांचा त्यांना मनापासून कंटाळा होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अंबा मुकाट्यानं बातम्या बघायची.

गेल्या वर्षी वेंकटरावांना मेंदूचा हलका झटका आला. हातपाय सावरले, बोलणं सावरलं, पण नजरेची डावी बाजू गेली. डोळे चांगले आहेत, पण ती बाजू बघणारा मेंदूचा भाग सुकला, असं डॉक्टर म्हणाले. डावीकडे काळोख दिसायचा असंही नाही. तिथं काही आहे हेच त्यांना कळायचं नाही. पानातलं उजवीकडचं तेवढं जेवून ते हात धुवायला उठायचे. अंबा पान फिरवून ठेवायची, मग ते पुन्हा बसून जेवायचे. जेवणाचं जमलं. सिनेमाचं मात्र त्यांनी तोडून टाकलं. "अर्धा पडदा बघायला मी काय करूं?" एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून थिएटरांबद्दलही बोलेनासे झाले. ज्या घरात त्यांच्या पडदापुराणाला सगळे विटले होते, त्याच घराला आता ती शांतता खायला उठली. सून कविता मुद्दाम म्हणायची, "मामंजी, त्या तंबूची गोष्ट सांगा ना." वेंकटराव भिंतीकडे बघत बसायचे.

अशात बातमी आली की मीनलोचनी बंद होणार. तिथं कापडाचं मोठं दुकान होणार होतं. शेवटच्या आठवड्यात जुने सिनेमे लावणार होते आणि रविवारी दुपारच्या शेवटच्या खेळाला तोच, नदीकाठचा.

वेंकटरावांनी ते ऐकलं आणि नाही म्हणून टाकलं. मुलानं सांगितलं, हरितानं गळ घातली, ते हलेनात. आत दोन दुःखं होती. एक सगळ्यांना दिसत होतं: ज्या पडद्याची झालरसुद्धा त्यांना पाठ, त्याच्यासमोर अर्धं आंधळं होऊन बसायचं. दुसरं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्यांना सांभाळायला अंबा शेजारी बसेल आणि तो सिनेमा खांबाशिवाय बघेल. नायक वळणार नाही. पन्नास वर्षं ज्या गोष्टीवर ती हसली होती, ती नवऱ्यानं बनवलेली होती हे तिला आता, म्हातारपणी, त्याच थिएटरात कळणार.

शनिवारी सकाळी अंबा एकटी ऑटो करून गेली आणि दोन तिकिटं घेऊन आली. ती त्यांच्यापुढं ठेवून ती पदरानं घाम पुसत बसली.

"मी येत नाहीं," वेंकटराव म्हणाले. "मला दिसत नाहीं."

"मला कुठें दिसत होतं? इतकीं वर्षं डावी बाजू तुम्हींच सांगितलींत कीं नाहीं? अत्तां मी सांगतें."

"तुला गोष्ट सांगतां येते कां?"

"येते कीं नाहीं तें उद्यां बघा."

खरं कारण सांगता येईना, खोटं सुचेना. आयुष्यभर हवं तेव्हा खोटं सुचलं आणि आज ऐन वेळी सुचू नये, याचा त्यांना राग आला.

रविवारी थिएटर तुडुंब भरलं होतं. हत्तींचा रंग उडालेला, छताची कमळं काळवंडलेली, पण भोंग्यावर देवाचं गाणं लागलं आणि वेंकटराव त्याच्याबरोबर पुटपुटू लागले. अंबानं त्यांचा दंड धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्यांच्या डाव्या हाताला बसली. लग्नानंतर प्रथमच ती दोघं मीनलोचनीत शेजारी बसली होती. पडदा वर गेला. झालर अर्धीच दिसली, पण अंबा कानाशी म्हणाली, "इकडची झालर फाटली आहे. वर गेली मात्र नीट." वेंकटरावांनी समाधानानं हुंकार दिला. पंखाही कुरकुरत होता.

अंबाचं सांगणं त्यांना आवडलं, हे कबूल करायला पाहिजे. ती थोडक्यात सांगायची. "मावशी आली. नाक मुरडते." "पोरगा झाडावर चढला." वेंकटरावांना सिनेमा तोंडपाठ होता, त्यामुळे ते मनातल्या मनात पडताळून बघत होते. एकदाही चुकली नाही. मध्यंतरात तिनं उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल आणलं. द्रोण त्यांच्या उजव्या हाताशी धरला आणि म्हणाली, "बघितलंत? येते कीं नाहीं?" ते मान डोलावत "सरि, सरि" म्हणाले, पण द्रोण तसाच धरून बसले. शेवट जवळ येत होता.

घाट आला. नायिका पायरीवर उभी राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी वेंकटरावांना स्वच्छ दिसत होतं, आणि तिच्या डावीकडे, त्यांच्या हरवलेल्या बाजूला, तो पेटी घेऊन चालला होता. मान जराशी वळवली असती तर दिसला असता. त्यांनी वळवली नाही. अंबाचं बोलणं थांबलं होतं. सिनेमा सुरू झाल्यापासून ती एवढा वेळ गप्प राहिली नव्हती. कळलं हिला, ते मनात म्हणाले. आता घरी जाईपर्यंत बोलणार नाही. खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला.

त्यांच्या हातावर अंबाचा हात आला.

"वळला," ती हळूच म्हणाली. "पेटी खालीं ठेवली. उपरण्यानं डोळे पुसतो आहे."

पडद्यावरची नायिका धूसर झाली, ती झटक्यामुळं नव्हे.

"तुला दिसलं?" त्यांनी विचारलं.

"दिसलं कीं," अंबा म्हणाली. "टीव्हीवर तेवढंच कापतात."