मोकळ्या तारेवर वाजलेलं गाणं

हे लिहावं की नाही, या विचारात बरीच वर्षं गेली. इथे लोक लिहितात ते गूढ अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर चहाबरोबर, करमणूक म्हणून. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, अंगात येण्यावर नाही, आणि ‘काहीतरी शक्ती असते हो’ म्हणणाऱ्यांशी तर मी हमखास वाद घालते. आमच्या अकोल्याच्या घरी लिंबू-मिरची फक्त ताटात दिसायची, दारावर कधी नाही. तेव्हा पुढचं वाचून कुणाला हसू आलं तर राग नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलेच असते.

मी पुण्यात आले ती नोकरीसाठी. आठवडाभर हिंजवडीत कॉम्प्युटरसमोर आणि शनिवार-रविवार गिटार. ऑफिसमधलेच आम्ही तिघं — केतकी गायची आणि कीबोर्ड वाजवायची, निखिल ऑक्टोपॅडवर, आणि मी. वाढदिवस, कंपन्यांचे फॅमिली डे, सोसायट्यांचे गणपती... जिथे बोलावतील तिथे.

माझ्याकडे तेव्हा नवाच घेतलेला डिजिटल मॉडेलर होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — पायाशी ठेवायचा एक चपटा डबा. गिटारची वायर त्यात जाते, आणि आत जगभरच्या अ‍ॅम्प्लिफायरचे आवाज साठवलेले असतात. हवा तो निवडायचा. घरी हेडफोन लावून ऐकलं की स्वर्ग! स्टेजवर मात्र तो डबा तिथल्या स्पीकरवाल्या अ‍ॅम्पला जोडावा लागतो आणि तिथे नशिबाचा खेळ सुरू होतो. दर ठिकाणी वेगळा अ‍ॅम्प. कोरेगाव पार्कातल्या एका पबमध्ये असा होता की प्रत्येक सूर कानात सुईसारखा जाई. कात्रजच्या एका कॉलेजात अ‍ॅम्पची बटणंच उडालेली, नुसत्या दांड्या उरलेल्या. त्यामुळे मी कार्यक्रमाच्या आधी लवकर जाऊन अनोळखी अ‍ॅम्पशी जुळवून घेत बसायचे. नव्या सासरी वावरावं तसं — हळू, अंदाज घेत.

खडकीचं निमंत्रण आलं ते वसुधाताई नावाच्या एका अनोळखी बाईंकडून. त्यांच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, सहस्रचंद्रदर्शन होतं. सकाळी धार्मिक विधी, मग जेवणं, आणि संध्याकाळी पाच वाजता जुन्या गाण्यांचा छोटासा कार्यक्रम. अण्णा आयुष्यभर खडकीतच, संरक्षण खात्यात नोकरीला होते. नोकरी सांभाळून ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. ती गिटार मांडीवर आडवी ठेवतात. उजव्या हाताने तारा छेडायच्या, आणि डाव्या हातातली स्टीलची कांडी तारांवरून सरकवायची — ती सरकते तसा सूर वर-खाली वाहतो. जुन्या गाण्यांत तो रडवेला, लांब ओढलेला आवाज येतो ना, तोच.

“नऊ वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला,” वसुधाताई फोनवर म्हणाल्या. “उजवी बाजू गेली. बोलतात, पण कष्टाने. गिटार नंतर हातात घेतलीच नाही त्यांनी. गिटार वाजवणारं कुणीतरी हवंय म्हणून तुम्हाला शोधलं. त्यांना बरं वाटेल... किंवा वाईट वाटेल. काय होईल ते होईल.”

हॉल स्टेशनच्या अलीकडे, वस्तीतलाच. शंभरेक माणसांचा. मी साडेतीनला पोचले तर स्टेजवर अ‍ॅम्पच नाही. साउंडवाल्याला विचारलं.

“मॅडम, तुमच्या डब्यात जगातले सगळे अ‍ॅम्प आहेत असं तुम्हीच फोनवर सांगितलंत. मग मी अजून एक कशाला उचलून आणू?”

पुण्यात राहून मला अशा उत्तरांची सवय झाली होती. वसुधाताईंनी ते ऐकलं आणि जरा चाचरत म्हणाल्या, “अण्णांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे घरी. चालू आहे. दर दसऱ्याला पूजा करतो तेव्हा जरा वेळ लावून ठेवतो आम्ही. चालेल का?”

दहा मिनिटांत दोघांनी धरून एक लाकडी खोकं आणलं. बुधवार पेठेतल्या कुणा कारागिराने कधीकाळी बनवलेलं, कंपनीचं नाव वगैरे काही नाही. समोर जाळीचं कापड, दोन बटणं, वायर घालायला एकच भोक. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे वाल्व्ह. चालू केल्यावर मिनिटभर काहीच झालं नाही, मग ते हळूहळू केशरी झाले आणि गरम धुळीचा वास आला. मी मॉडेलरवरचे अ‍ॅम्पचे आवाज सगळे बंद केले, साधी गिटार तेवढी ठेवली. माझ्या डब्यातून दोन वायरी निघतात. एक त्या खोक्याला दिली. हॉलला तेवढा आवाज पुरत होता. दुसरी मिक्सरला, फक्त रेकॉर्डिंगसाठी. वाजवून पाहिलं. आवाज जाडसर, गोड. बिघाड काही नाही.

पाच वाजता अण्णांना आणलं. पहिल्या रांगेत, हातांच्या खुर्चीत बसवलं. गोरे, किरकोळ बांध्याचे, नवं धोतर आणि खांद्यावर शाल. उजवा हात कुणीतरी नीट उचलून मांडीवर ठेवला. त्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. स्टेजवरच्या आपल्या अ‍ॅम्पकडे पाहत राहिले.

पहिलं गाणं केतकी गायली, नेहमीसारखं झालं. दुसऱ्या गाण्याच्या मध्ये मला एकटीला वाजवायचा तुकडा होता. मी तिसराच सूर वाजवला असेन... आणि तो घसरला. म्हणजे मी एका पट्टीवर बोट दाबून धरलेलं, बोट जागचं हललेलं नाही, आणि अ‍ॅम्पमधून सूर मात्र वर चढत गेला. सावकाश, लाडात आल्यासारखा. वर जाऊन थरथरला आणि थांबला.

माझा पहिला विचार — डब्यात काहीतरी चुकून दाबलं गेलंय. सूर वर-खाली करणारा एक इफेक्ट त्यात असतो. खाली पाहिलं, तो बंद होता. पुन्हा एक सूर वाजवला, पुन्हा घसरला. केतकी कीबोर्ड वाजवता वाजवता माझ्याकडे डोळे मोठे करून बघायला लागली. कसंबसं गाणं संपवलं. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, आम्ही मुद्दामच तसं बसवलंय.

“काय करतेयस?” निखिल कुजबुजला.

“मी काहीच करत नाहीये.”

खात्री करायला मी डावा हात गिटारवरून पूर्ण काढला. नुसती मोकळी तार, एकदाच छेडली. मोकळ्या तारेतून एकच सूर निघतो, दुसरा निघूच शकत नाही. हे मी गिटारच्या पहिल्या दिवशी शिकले होते.

सूर निघाला, थोडा रेंगाळला, आणि वर गेला. मग अर्ध्यावर उतरला. मग पुन्हा वर.

मी सैरभैर होऊन समोर पाहिलं, आणि अण्णांचा डावा हात मला दिसला. खुर्चीच्या लाकडी हातावर तो सरकत होता. अंगठा आणि दोन बोटं जुळवलेली, आत काहीतरी धरल्यासारखी. हातात काही नव्हतं. हात पुढे गेला की सूर चढत होता. मागे आला की उतरत होता. बोटं जागच्या जागी थरथरली की सूर थरथरत होता. क्षणाचाही फरक नाही.

मला वाटलं होतं भीती वाटेल. वाटली नाही. देवळाच्या गाभाऱ्यात अचानक दिवा लागावा तसं काहीतरी झालं.

सूर विरत आला तसं अण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. आणि हनुवटी किंचित खाली केली. वाजवणारी माणसं एकमेकांना करतात ती खूण — हं, आता.

मी तार छेडली.

पुढची पाच-सात मिनिटं मी एवढंच केलं. त्यांनी मान हलवली की तार छेडायची. माझा डावा हात शेवटपर्यंत खाली लोंबत होता. गाणं ते वाजवत होते. संथ चाल होती, एकाच ओळीभोवती फिरणारी, दर वेळी थोडी वेगळ्या वाटेने परत येणारी. केतकीने काही न विचारता कीबोर्डवर नुसता सा धरून ठेवला. निखिलने हात मांडीवर ठेवले. मागे उभ्या असलेल्या वसुधाताई चालत पुढे आल्या आणि वडिलांच्या खुर्चीशेजारी खाली जमिनीवरच बसल्या. त्यांनाही तो हात दिसला होता.

शेवटी अण्णांनी हात खुर्चीवरून उचलला. माझी तार अजून कंप पावत होती, तळहाताला जाणवत होती. पण अ‍ॅम्प गप्प झाला होता.

टाळ्या उशिरा आल्या. मग थांबेनात.

आता पुरावा. साउंडवाल्याने दिलेलं रेकॉर्डिंग मी त्याच आठवड्यात ऐकलं. माझ्याच डब्यातून निघालेली दुसरी वायर, तोच सिग्नल. त्यात काय आहे? टण्... टण्... टण्. मोकळी तार, एकच सूर, पाच-सात मिनिटं. आणि एका पाहुण्याने मोबाइलवर हॉलमध्ये घेतलेल्या व्हिडिओत संपूर्ण गाणं आहे, आहे तसं. मी दोन्ही कितीतरी जणांना ऐकवलं. कुणी म्हणालं, जुने अ‍ॅम्प रेडिओ पकडतात. पकडतात, मान्य. पण रेडिओ खुर्चीवरच्या हाताबरोबर वर-खाली होतो का? वसुधाताईंना विचारून बुधवार पेठेतल्या एका जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे ते खोकं नेलं. त्याने उघडून पाहिलं आणि म्हणाला, “अहो, यात आहेच काय बिघडायला?”

मला आणखी एक गोष्ट छळत होती. ती चाल कुठल्या गाण्याची? केतकीला जुनी गाणी तोंडपाठ, तिला ओळखता आली नाही. तिच्या गुरूंना ऐकवली, त्यांनाही नाही.

म्हणून पंधरा-वीस दिवसांनी एका रविवारी सकाळी मी खडकीला वसुधाताईंच्या घरी गेले. गिटार आणि मॉडेलर घेऊनच. तोच अ‍ॅम्प, तीच खुर्ची. अण्णांनी हात सरकवला, मी तार छेडली. टण्. पुन्हा छेडली. टण्. काहीच झालं नाही. माझा चेहरा पडलेला बघून अण्णा ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हसले.

“श्रोते... कुठायत?” म्हणाले.

वसुधाताईंनी चहा आणला. मी व्हिडिओ लावला आणि विचारलं, “अण्णा, हे गाणं कुठलं? कुणालाच ओळखता येत नाहीये.”

त्यांनी पूर्ण ऐकलं, डोळे मिटून. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, “कसं... येईल? नवीन... आहे.”

“नवीन म्हणजे? कधी केलंत?”

त्यांनी उत्तर म्हणून डावा हात खुर्चीवर ठेवला, तीन बोटं जुळवली आणि सरकवली. पुढे. मागे. जागच्या जागी थरथर.

वसुधाताईंनी हातातला कप खाली ठेवला. त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि दार लोटून घेतलं. “अहो, हे ते रोज करतात,” त्या म्हणाल्या. “दुपारभर, एकटे बसून. नऊ वर्षं. आम्हाला वाटलं, आजारामुळे हात थरथरतो. आम्ही त्यावर त्यांना गोळी देत होतो.”

ती गोळी त्यांनी डॉक्टरांना विचारून बंद केली. अण्णा त्यानंतर दोन-अडीच वर्षं होते. मी अधूनमधून जायचे. पुन्हा तसं कधीच घडलं नाही, आणि मीही नंतर आग्रह धरला नाही. मी फक्त बसायचे आणि तो हात बघायचे. संध्याकाळच्या कार्यक्रमात वाजलं ते एक गाणं होतं. बाकीच्या दुपारी ते काय वाजवत होते, किती गाणी होती, ते मला माहीत नाही.

जो सूर माझ्या तारेत नव्हताच तो आमच्यापर्यंत कसा आला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा. पण मला विचाराल तर, मी त्या दिवशी अण्णांचा उजवा हात होते. एवढंच मला नक्की ठाऊक आहे.