विमलबाईनं हात वर केला नाही

विमलबाईचं माहेर भीमपूरकडचं. बाप प्यायचा आणि आईला गुरासारखं बडवायचा. एका सकाळी विमल मधे पडली आणि कोपऱ्यातलं मुसळ उचलून तिनं बापाच्या नडगीवर घातलं. बाप कायमचा लंगडा झाला, पण त्या घरातली मारहाण थांबली. विमलनं त्यातून घेतलेला धडा पुढे सोडला नाही. "बोलून कोनाले समजत नाई," ती म्हणायची. "लागलं म्हंजे समजते."

लग्न होऊन ती सावरमाळला आली. तेलंगणात, इचोड्याच्या पलीकडे, नागपूर रस्त्याला लागून असलेलं हे गाव तेव्हा खेडंच होतं, नगरपालिका अलीकडची. गावामागे तलाव. पावसाळा सरला की पाणी ओसरत जाई आणि तलावाच्या पोटातली काळी जमीन उघडी पडे. तिला निजामाच्या काळापासून सगळे शिखम म्हणतात. जमीन सरकारची, वहिवाट भाजीवाल्यांची. विमलबाईचा नवरा धोंडीबा आणि त्याची भावकी पिढ्यान्‌पिढ्या तिथं वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावत आलेली. धोंडीबा म्हणजे गरीब गाय. शेत त्यानं बघायचं आणि बाजार तिनं, अशी वाटणी आपोआपच झाली. एकदा बाजारात एका अडत्यानं तिची टोपली पायानं सारली, तर तिनं तराजूचं वजन तोंडावर हाणून त्याचे पुढचे दात पाडले. पुढे त्याच अडत्याच्या लेकीच्या लग्नाला तिनं घरची वांगी पोचवली. राग तिच्याजवळ शिळा राहत नसे.

पालिकेच्या निवडणुकीत त्यांचा वार्ड बायकांसाठी राखीव निघाला. प्लॉट पाडून विकणाऱ्या देवानंदचा त्या वार्डावर डोळा होता. बायकोला, शीतलला, उभं केलं तर भाजीवाले मत देणार नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो विमलबाईच्या दारी येऊन पाया पडला.

"काकू, तुमी नुसतं उभं राहा. सभेत हात वर कराचा तेवढा करा. बाकी मी पाहून घेतो."

ती निवडून आली. सभेचं कामकाज कागदी तेलुगूत चाले, आणि तिची तेलुगू बाजारातली. मागच्या खुर्चीवर बसलेला देवानंद खाकरला की ती हात वर करी. असे रस्ते मंजूर झाले, नाल्या झाल्या, वार्डात खरंच दिवे लागले. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

एका सभेत मात्र 'चेरुवु' हा शब्द तिच्या कानावर पडला. चेरुवु म्हणजे तलाव, एवढं तिला कळत होतं. ती उभी राहिली.

"कौनसा चेरुवु?"

अध्यक्षा भाग्यलक्ष्मी चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुम्हारा ही, अम्मा. नक्शे में तलाव छोटा करके उधर घरों के प्लॉट दिखाना है. अगली मीटिंग में सबको हाथ उठाना है."

बाहेर आल्यावर तिनं देवानंदला गाठलं. "तलाव काऊन विकून राह्यला रे?"

"अर्धं वरीस कोरडाच असते तो, काकू. गाव वाढून राह्यलं. लोकायले घरं नाई पायजे काय?"

"अन पानी कुठं जाईन मंग? त्याच लोकायच्या घरात?"

"तुमच्यासाठी रस्त्यावरचा एक प्लॉट ठेवला हाये."

"माहा हात वर नाई होनार."

देवानंद हसला नाही, चिडलाही नाही. "इचार करा," एवढंच म्हणाला.

आठवडा उलटायच्या आत, भरदुपारी, जेसीबी शिखमात शिरला. विमलबाई बाजारात होती. धोंडीबानं उभ्या जन्मात कोणावर आवाज चढवला नव्हता. तो मशीनसमोर वांग्याच्या ओळीत जाऊन बसला. मशीनबरोबर आलेल्या पोरांनी त्याला ओढून काढलं आणि लोखंडी सळ्यांनी झोडपलं. तो सरपटत पुन्हा ओळीत आला. मग मशीनचं बकेट खाली आलं आणि त्याच्या मांडीवर बसलं.

धाकटी जाऊ पंचफुला धावत बाजारात आली. विमलबाई पोचली तेव्हा धोंडीबा चिखलात पडला होता. हाड कातडी फाडून बाहेर आलेलं, पण माणूस शुद्धीवर. "वांगे गेले वो," तो म्हणाला. चेंदामेंदा झालेल्या वांग्यांत त्याचं रक्त उतरत होतं. पोरं बांधावर उभी राहून बघत होती. त्यांच्यातल्या लखनला तिनं लहानपणी कडेवर वागवलं होतं. तिनं दगड उचलला. त्यानं सळई उचलली. पंचफुलानं तिला कमरेला मिठी मारून मागे खेचलं.

आदिलाबादच्या दवाखान्यात धोंडीबाचा पाय मांडीतून कापावा लागला. ठाण्यात तक्रार लिहिली गेली ती अपघाताची. देवानंद मोसंब्या घेऊन भेटायला आला.

"मशीनवाला नवा होता, काकू. चूक झाली. सोमवारी सभा हाये, तेवढं ध्यानात राहू द्या."

तो इतक्या हळू बोलला की शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ती विचारपूसच वाटावी.

सोमवारी ती सभेला गेली. पिशवीत भाजीचा विळा होता. तो नेहमीसारखा राहून गेला की मुद्दाम नेला, हे पुढे वकिलानं फिरून फिरून विचारलं. ती खरं तेच सांगायची, "हातात घेऊन धार पायली, अन मंग ठेवला."

भाग्यलक्ष्मींनी हात वर करायला सांगितलं. वर झालेल्या हातांत एक कमी पडत होता. सगळे विमलबाईकडे बघू लागले. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. तेव्हा देवानंद मागच्या खुर्चीवरून उठला, तिच्या पाठीशी आला आणि तिचं उजवं मनगट धरून त्यानं हात वर उचलला.

"हा आमच्या काकूचा हात," तो सभेला म्हणाला. कोणीतरी हसलं.

तिनं डाव्या हातानं विळा काढला आणि त्याच्या मुठीवर ओढला. मेथीच्या जुडीतून जावा तसा तो गेला. देवानंदची दोन बोटं टेबलावरच्या नकाशावर पडली. तो हाताकडे बघत खाली बसला. त्याचा चुलतभाऊ, कौन्सिलर चंपतराव, खुर्ची उचलून आला आणि त्यानं ती विमलबाईच्या तोंडावर घातली. ती पडली. मग तिच्या बरगड्यांवर लाथा बसू लागल्या. कोणी तिचे केस धरून तिला दाराकडे फरफटत नेलं. टेबलाचा पाय धरून ती उठली. जबडा निखळला होता, शब्द नीट फुटत नव्हते.

"माहा हात खाली हाये," ती म्हणाली. "लिहा."

सभा उधळली. कोणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत ते जिल्हाभर फिरलं. त्या नकाशाला पुन्हा हात लावायची कोणाची छाती झाली नाही. पुढच्या सभेत विषय गुपचूप काढून टाकला गेला. तलाव राहिला. पण विमलबाई कोठडीत होती, तेव्हा कोणीतरी तिचं घर पेटवलं. गोठ्यातली म्हैस दाव्याला बांधलेलीच जळाली. शेजारपाजारच्यांनी तिचं हंबरणं ऐकलं आणि दारं लावून घेतली.

जामिनावर सुटल्यावर तिनं पद सोडलं. धोंडीबा कुबडी घेऊन बांधावर बसून तिला निंदायला सांगू लागला, आणि बाजार पंचफुला करू लागली, कारण विमलबाईला आता नीट बोलता येत नव्हतं. कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या. मोबाइलवरचं फिरल्यावर पोलिसांना नोंदवावी लागलेली सळईच्या माराची केस वेगळी, विळ्याची वेगळी. व्हरांड्यात ती आणि देवानंद समोरासमोर येत आणि भिंतीकडे बघत बसत.

एका तारखेला तो एकटाच होता. भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "पूनम माह्या हातचं खात नाई, काकू. बोटं नाई पाहून भेते."

पूनम त्याची लेक, अजून शाळेतही न जाणारी. नवऱ्याच्या कापलेल्या पायाची गोष्ट विमलबाईच्या ओठांवर आली होती. उत्तर तयार होतं आणि बरोबरही होतं. तिनं ते गिळलं.

शिखमात येऊन तिनं धोंडीबाला हे सांगितलं. तो आळ्यात पाणी सोडत होता.

"त्या लेकरानं काय केलं होतं आपलं?" त्यानं विचारलं.

"काई नाई," ती म्हणाली, आणि उपटलेल्या मेथीची मुळं विळा न घेता हातानंच तोडत बसली.