समुद्र सोडून आलेल्या नर्सबाई

निरोप घेताना आपल्याकडे कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. आमच्या अनसिंगच्या दवाखान्यातल्या पालशेतकर नर्सबाई मात्र बाळंतिणीच्या उंबऱ्यावर उभ्या राहूनसुद्धा स्वच्छ ‘जाते गो’ म्हणायच्या. म्हाताऱ्या बायका दचकायच्या.

“बाई, असं अभद्र काहून बोलता? येतो म्हना ना!”

“येते म्हटलं की कुणीतरी वाट बघत बसतं,” बाई म्हणायच्या. “जाते म्हटलं की दार लावून घेता येतं.”

बाई रत्नागिरीकडच्या, मासेमार खारव्यांच्या वाडीतल्या. उंच, हाडं दिसणाऱ्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. नवरा कुठे असतो हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं वऱ्हाडात काढून त्यांच्या बोलण्यातला ‘गो’ आणि ‘नाय’ काही गेले नाहीत. एवढ्या लांब कशा आलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “जिथं समुद्राचा आवाज येत नाय असं गाव द्या म्हटलं नेमणुकीच्या वेळी. साहेब हसले, पण दिलं.” तरी त्यांच्या खोलीमागे ज्वारीचं शेत होतं. वारा सुटून ते लाटांसारखं सळसळायला लागलं की भर उन्हाळ्यासारखं उकडत असलं तरी बाई खिडकी लावून घ्यायच्या.

एकाहत्तरच्या लढाईत माझा दादा बेपत्ता झाला. मी तेव्हा नुकतीच शाळेत मास्तरीण झाले होते. तार इंग्रजीत होती, ती मीच वाचून दाखवली. तीत तो मेल्याचं नव्हतं आणि जिवंत असल्याचंही नव्हतं. पुढे पाकिस्तानातले आपले कैदी सुटून आले, त्यांत दादा नव्हता. आई मात्र मंदावहिनीला घेऊन रोज संध्याकाळी स्टँडवर जायची. वाशीमहून एस.टी. यायची, माणसं उतरायची, गाडी पुढे निघून जायची. मग दोघी परत यायच्या. मंदावहिनीचं लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं.

हे सगळं बाईंना दवाखान्याच्या ओट्यावरून दिसत असणार. एके दिवशी दुपारी त्या घरी आल्या. आई तुरी निवडत होती. बाई तिच्यासमोर खालीच बसल्या आणि कुणी न विचारता बोलायला लागल्या.

“वयनी, मागच्या मोठ्या युद्धात आमच्या वाडीतले सगळे तरणे बोटीवर गेले. कुणी खलाशी, कुणी भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला. करणार काय? रात्री होडीत दिवा लावायला बंदी, म्हणजे मासे बंद. तांदूळ मिळेना. माझा पण गेला. ‘येतो’ म्हणून गेला. बोट बुडाली म्हणतात. कुठं बुडाली ते कुणी सांगितलं नाय. ते शिपाई थोडेच होते? मेले असं सांगायला पण कोण आलं नाय.”

आईचे हात थांबले होते.

“संध्याकाळी आमची सगळी वाडी कुंकू लावून वाळूत उभी. एकमेकींशी बोलत नसू. एकीनं तोंड उघडलं असतं तर सगळ्याच रडल्या असत्या. सासू म्हणायची, दर्यावर गेलेल्याच्या बायकोनं कुंकू पुसलं तर तो बुडतो. म्हणजे मी पुसलं तर मीच त्याला बुडवला! कपाळावर त्याचा जीव घेऊन म्हातारी झाले मी. शिकले, नर्स झाले, पण मोकळी काय झाले नाय.” मग दाराआड उभ्या असलेल्या मंदावहिनीकडे बघून त्या म्हणाल्या, “तुमच्यात पाट लागतो, बाईला दुसरं घर करता येतं. हिला मोकळी करा.”

आईने सूप बाजूला लोटलं. “माह्या पोराच्या जित्या जिवावर पाट लावू? तुमचा नाई आला म्हून माहाबी येनार नाई काय? उठा तुमी. उठा!”

बाई उठल्या. “जाते,” म्हणाल्या. मंदावहिनी दाराआडून हलली नाही.

त्यानंतर काही वर्षं आई त्यांच्याशी बोलली नाही. मग कोकणातून बाईंच्या सासूच्या आजारपणाचा निरोप आला. म्हातारी अजून जिवंत आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. बाई गेल्या आणि महिन्याभराने परतल्या त्या स्टँडवरून थेट आमच्याच घरी, हातात पिशवी तशीच. त्या उंबऱ्यात बसल्या. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

“गेली म्हातारी,” बाई म्हणाल्या. “डोळ्यांना दिसत नव्हतं. सारखी विचारायची, आला काय गो? सगळा जन्म मी तिला सांगत आले, तो येणार नाय. शेवटच्या दिवशी पुन्हा विचारलंन. मी म्हटलं, आला. दारात पाय धुतोय. हसली हो वयनी. हसतच गेली.” त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. “खोटं बोलले मी. त्याच्यापेक्षा तिला आधीच रडू दिलं असतं तर बरं झालं असतं.”

आई खालच्या आवाजात म्हणाली, “बाई, माह्या मरनाच्या वक्ताले तुमी याल? मलेबी तसंच सांगजा.”

म्हणजे दादा येणार नाही, हे आईला समजलेलं होतं. मला ते त्या क्षणी कळलं.

“सांगेन,” बाई म्हणाल्या. “पण आज हिला सोडा.”

शेजारी बसलेल्या मंदावहिनीच्या मनगटावर आईचा हात गेला आणि तिने ते घट्ट धरलं. बाईंनी तो हात पाहिला, पिशवी उचलली आणि त्या निघून गेल्या.

पुढच्याच साली बाईंचं पोटाचं दुखणं बळावलं. त्यांना अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. मी आणि मंदावहिनी भेटायला गेलो. खाटेवर बाईंचा नुसता सांगाडा उरला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. वहिनीला जवळ बोलावून विचारलं, “अजून तिथंच हायस?”

“आत्याबाई एकट्या हायेत ना,” मंदावहिनी म्हणाली. थोडं थांबून, लाजल्यासारखं पुढे म्हणाली, “आन् बाई, हे आले तं घरी कोनी पायजे ना.”

असं ती स्वतःहून बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आजवर ती आईबरोबर जायची ती आईसाठी, असंच मी धरून चालले होते. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. वहिनीने पाय चेपले, हाका मारल्या, पण आम्ही होतो तोवर त्या वळल्या नाहीत.

आठवड्याभरात बाई वारल्या. माहेरचं, सासरचं कुणी उरलेलं नव्हतं. देह अनसिंगला आणला. अग्नी मंदावहिनीने दिला. अर्धं गाव आलं होतं, बाईंच्या हातांवर जन्मलेली पोरं होती, त्यांच्या आया होत्या. आई आली नाही. घरी कुणीतरी थांबायला पाहिजे, असं ती म्हणाली.