शुक्रवारची शांतता

भिवंडीला वास आहे हे कळायचं ते शुक्रवारी. एरवी कापडाच्या मागांच्या खडखडाटात नाकालाही काही सुचत नसे; पण शुक्रवारी सुट्टी म्हणून माग थांबत आणि मग सुताला लावायच्या खळीचा आंबूस दर्प, गटारांची ओल, कुणाच्या तरी परसातल्या जुईचा अवचित सुगंध असं एकेक उमटू लागे. आणीबाणीच्या आदल्या वर्षी, अशाच एका शुक्रवारी, उन्हं कलताना मी वन्संबरोबर भाड्याची खोली शोधायला निघाले. मला सहावा महिना होता.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. अकाली वैधव्य आलेली, मागवाल्यांना सुताच्या कांड्या भरून देऊन धाकट्या भावाला वाढवलेली. त्यांचं घर आणि शेजारचा कारखाना यांच्यात एकच भिंत होती. अकलोलीच्या माझ्या माहेरी निजानीज झाली की गरम पाण्याच्या कुंडांतली बुडबुडसुद्धा ऐकू यायची. इथं फडताळातली भांडी रात्रंदिवस थरथरत. माझं बाळ या खडखडाटात वाढणार नाही, असं मी ह्यांना निक्षून सांगितलं होतं. तेव्हापासून वन्संच्या लेखी मी त्यांचा भाऊ तोडायला आलेली अवदसा होते. ह्यांची नोकरी ठाण्याला, एकटीनं फिरणं घरात खपलं नसतं, म्हणून त्याच वन्सं माझ्या सोबतीला.

"तुज्याच कानांचे बरे गो येवढे लाड," उंबरा ओलांडतानाच त्या म्हणाल्या.

ब्राह्मण आळी, कासार आळी, मग तलावाकडे उतरणाऱ्या नाव नसलेल्या गल्ल्या. कौलांवरून घरंगळणारं पिवळं ऊन, ओट्यांवर वाळणाऱ्या कुरडया, कुठंतरी शिवणयंत्राची एकसुरी घरघर. इतकं निवांत गाव या गावाच्या पोटात दडलेलं असेल, असं मला वाटलं नव्हतं. पण त्या निवांतपणाला माणसांची माया नव्हती. खिडक्या किलकिल्या होत, माझ्या पोटाकडं बघून मिटत. वन्सं पुढं झपाझप चालत, मागं वळून बघत नसत, आणि मीही "थांबा" म्हणणार नव्हते. त्यांच्या पाठीकडं बघत चालताना मला त्यांच्या अंबाड्याचासुद्धा राग येत होता.

वऱ्हाळ्याच्या तलावाजवळ ती खोली मिळाली. खिडकीतून पाण्यावरची तिरीप थेट आढ्यापर्यंत येऊन हलत होती. मागच्या बाजूला एक उंच, बिनखिडकीची आंधळी भिंत होती.

"इथं माग नाहीत ना हो, वन्सं?"

"तुला दिसतो का कुटं?"

मला दिसला नाही. शुक्रवारी सगळी भिवंडीच गप्प असते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तहानलेला माणूस पाण्याचं कूळ विचारत नाही. मी तिथंच होकार दिला. पुढच्या शुक्रवारी बिऱ्हाड हललं, आणि शनिवारी सकाळी ती आंधळी भिंत खडखडू लागली.

मी तरातरा वन्संकडं गेले. तुम्हाला ठाऊक होतं का, एवढंच विचारलं.

"व्हतं की," कांडी भरता भरता, मान वर न करता त्या म्हणाल्या. "भिवंडीत ऱ्हायाचं नि लूम नको? जा, शोध आता."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

बाळंतपणाला अकलोलीला गेले. हवी होती तेवढी शांतता तिथं होती, आणि त्या शांततेत माझा मुलगा रात्र रात्र टाहो फोडत होता. आईनं दृष्ट काढली, वैद्यानं घुटी दिली, उपयोग शून्य. भिवंडीला परतलो, त्या भिंतीलगत त्याला ठेवलं, आणि तो गाढ झोपला. मग शुक्रवार आला आणि पुन्हा तोच आकांत. मला कळलं, पण ते मी स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

अशाच एका शुक्रवारी तिन्हीसांजेला वन्सं प्रथमच आमच्या दारात उभ्या राहिल्या. किंचाळणाऱ्या पोराकडं त्यांनी पाहिलं, "दे हिकडं" म्हणून त्याला ओढूनच घेतलं आणि चालू लागल्या. मी मागं धावले. त्याच गल्ल्या, तीच जुई, त्याच मिटलेल्या खिडक्या. प्रत्येक कारखान्याच्या दाराशी त्या थांबत, कान लावत, पुढं जात. कासार आळीच्या मागं एका बंद फळीआड सुट्टी मोडून कुणीतरी एकच माग चालवत होतं. वन्सं त्या भिंतीला टेकल्या. पोराचं रडणं अडखळलं, वळलेली मूठ सुटली, डोळे मिटले.

"बग. भिवंडीचा हाय त्यो," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माया नव्हती, जिंकल्याचा दिमाख होता.

मला तो त्यांच्या हातातून हिसकावून घ्यायचा होता. पण तो उठला असता. म्हणून मीही त्याच भिंतीला टेकले, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. वर काळोख दाटत होता, पाठीतून तो खडखडाट हाडांत शिरत होता, आणि त्यांच्याशी एक शब्दही न बोलता मी मनातल्या मनात एवढंच विनवत होते, की आतल्या माणसानं इतक्यात माग थांबवू नये.