बिराजदार सर आणि फ्लेक्सवरची अमेरिका

सातवीत असताना एका भाकरीसाठी मी बिराजदार सरांवर खोटा आळ घेतला.

आज सकाळी सर गेले.

हे चौथ्यांदा लिहितेय. तीनदा डिलीट केलं. दुकानात बसवेना म्हणून घरी आले, घरी बसवेना म्हणून गच्चीवर आले. उन्हात उभी राहून टाइप करतेय, चुका काढू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जळकोटजवळच्या आमच्या गावात, झेडपीच्या शाळेत, सर आम्हाला भूगोल शिकवायचे. पुस्तकात अमेरिकेबद्दल जेवढं होतं तेवढ्यानं सरांचं काही भागायचं नाही.

कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स आणून त्याच्या पांढऱ्या पाठीवर त्यांनी दोन्ही अमेरिका रंगवल्या होत्या. तो वर्गात फरशीवर अंथरायचे. आम्ही चपला काढून त्यावर चालायचो.

"ए, अँडीजवरनं हळू उतर, पडशील," सर ओरडायचे.

इंका लोकांची डोंगर कापून केलेली शेतं, अ‍ॅझटेक लोकांचं तळ्यातलं शहर, माया लोकांचं गणित. सगळं त्या फ्लेक्सवर मांडी घालून ऐकलं.

मग नवरात्र आलं.

सर म्हणाले, "उद्या उपासाचा डबा आणा. ज्याचा उपास न्हाय त्यानंबी आणा."

दुसऱ्या दिवशी एकेक पदार्थ नकाशावर ठेवायला लावला. बटाटा पेरू देशात. मिरची मेक्सिकोत. शेंगदाणे, रताळं, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, सगळं दक्षिण अमेरिकेत. राजगिऱ्याचा लाडू परत मेक्सिकोत.

"सर, मग आपलं काय?"

"भगर. भगर आपली, शेंगदाण्याची आमटी त्यांची."

वर्ग खो खो हसला. त्यानंतर सर जे बोलले ते मला आजही पाठ आहे.

"अ‍ॅझटेक लोक राजगिऱ्याच्या पिठाची देवाची मूर्ती करायचे आणि प्रसाद म्हणून वाटून खायचे. कुठले कोण ते! त्यांनी ह्याचं बियाणं जपलं म्हणून आज ते आपल्या देवीच्या ताटात हाय. खाताना त्यांचीबी एकदा आठवण काढा."

एवढंच. याच्यापलीकडं एक शब्द नाही.

आमच्या घरी घट बसायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, नऊ दिवस अनवाणी. लहानथोर सगळ्यांना उपास. त्या संध्याकाळी मला भगर बघूनच कसंतरी व्हायला लागलं. भाकरी पाहिजे म्हणून हट्ट धरला. आई ऐकेना.

शेवटी मी ठोकून दिलं. "सर म्हणले, हे सगळं परदेशी हाय. असला उपास देवीला पोचतच न्हाय."

भाकरी मिळाली नाहीच. पण हे अण्णांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा चार-पाच जणांना घेऊन शाळेत. व्हरांड्यात सर उभे, शेजारी हेडमास्तर, दारात आमचा सगळा वर्ग.

"मी असं बोललो न्हाय," सर म्हणाले.

"मंग माझी पोरगी खोटं बोलती व्हय?"

सगळे माझ्याकडं वळले. सरांनीही बघितलं. मी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिले.

अण्णांचा राग अख्ख्या गावाला माहीत होता. सरांनाही असणारच.

"न्हाय," सर म्हणाले. "पोर खोटं न्हाय बोलत. माझ्याच तोंडून गेलं आसंल. चुकलं माझं."

आणि सगळ्यांसमोर हात जोडले.

वर्गातल्या प्रत्येकानं आदल्या दिवशी सरांना ऐकलं होतं. कुणी ब्र काढला नाही. अण्णांसमोर कोण बोलणार? आणि मीच गप्प, तर त्यांनी तरी का बोलावं?

फ्लेक्स गुंडाळून कपाटावर गेला. पुढच्या आठवड्यात माया लोकांसारखं कॅलेंडर करायचं ठरलं होतं, प्रत्येकानं आपापल्या घराचं. ते झालं नाही. सर खुर्चीत बसून पुस्तक वाचून दाखवायला लागले. आम्ही खाली माना घालून रेघा मारायचो.

पुढं मी उमरग्यात मेडिकल टाकलं. रिटायर होऊन सरही उमरग्यातच राहायला आले. दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला माझ्याकडंच यायचे.

काउंटरवर कोपर टेकून परीक्षा घ्यायचे. "क्विनीन कुठल्या झाडाची?"

"सिंकोना, सर."

"कुठला डोंगर?"

"अँडीज, सर."

की स्वारी खूश.

दर महिन्याला मी ठरवायचे, आज सांगायचं. दर महिन्याला नेमकं कुणीतरी खोकल्याचं औषध मागायला यायचं. खरं सांगू? कुणी आलं नसतं तरी मी बोलले नसते. घाबरट आहे मी.

एकदाच तोंड उघडलं. "सर, ते नवरात्रातलं..."

"ही गोळी जेवणाआधी का नंतर गं?"

कित्येक वर्षं तीच गोळी घेणारा माणूस!

मला आज त्याचा राग येतोय. सर, बोलू द्यायचं होतं. माझं मन हलकं झालं असतं.

बघा, अजूनही स्वतःचंच बघतेय.

मघाशी गावाकडं अण्णांना फोन केला. सर गेल्याचं सांगितलं आणि त्याच दमात खरं काय ते सांगून टाकलं.

"आता सांगतीस व्हय?" अण्णा म्हणाले. "चारचौघांत म्या त्या माणसाला हात जोडाया लावलं. आता म्या कुणाफुडं हात जोडू?"

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

म्हणून इथं लिहितेय. इथं आपली बॅच आहे, निम्मं गाव आहे. सगळ्यांनी वाचा. सर तसं बोलले नव्हते. ते माझं खोटं होतं, आणि सरांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं.

सर, माफ करा. निरोप घ्यायलाही तोंड नाही, तरी घेते.