झेलायला कोणी हवं

"झेला!" असं म्हणून ते आमच्याकडे बघत आणि गप्प होत. कतारमधल्या रास लफानच्या कंपनी बसमध्ये सकाळी अर्धी माणसं घोरत असत. हे मात्र खिडकीशी बसून, मांडीवरच्या स्टीलच्या डब्यावर अंगठीने ठेका धरून इंग्रजी गाण्याची एक ओळ म्हणायचे. मग थांबायचे. कोणी झेलत नसे.

तुम्ही आखातात राहिला असाल तर अशी एखादी वल्ली तुमच्याही बसमध्ये असेल. हे नाशिकचे, मेंटेनन्समध्ये सुपरवायझर. वेड एकच, अमेरिकेतली जुनी गाणी आणि त्यांची मुळं. कापसाच्या मळ्यातल्या गुलामांची गाणी, रूळ उचलणाऱ्या मजुरांची, चर्चमधली. ब्लूज, जॅझ, रॉक हे सगळं त्यांच्या मते त्याच विहिरीचं पाणी.

"तो बँजो गोऱ्यांचा वाटतो ना तुम्हाला? मूळ आफ्रिकेचा आहे, राव. आणि गाण्याची रीत बघा. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं. आपलं भजन दुसरं काय आहे?"

"साहेब, झोपू द्या की," मागून कोणीतरी म्हणायचं.

एका दिवाळीला आमच्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात त्यांना दहा मिनिटं मिळाली. आधी लावणी, नंतर फॅशन शो, मध्ये हे. डबा घेऊनच स्टेजवर गेले. समजावून सांगितलं, ओळ म्हटली, "झेला!" म्हणाले आणि थांबले. लोकांना वाटलं, गाणं संपलं. कडाडून टाळ्या पडल्या. दुसऱ्या ओळीनंतरही तेच झालं. तिसरी ओळ त्यांनी म्हटलीच नाही. माईकवर "शुक्रन" म्हणून आभार मानले आणि खाली उतरले.

मला आधी हसू आवरेना. मग बघितलं, तर ते चिवड्याची बशी घेऊन एकटेच दाराशी उभे होते.

"घरी ही झेलायची," ते म्हणाले. "भजनी मंडळातली. इंग्रजीचा गंध नाही, पण जागा कधी चुकली नाही. रोज बसमधून फोन लावायचो. ती गेल्यापासून बघतोय, कोणी मिळतं का."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसलो आणि झेललं. माझा आवाज म्हणजे गंजलेला व्हॉल्व्ह. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं.

"जागा बरोबर. सूर येईल, इन्शाल्ला."

सूर आला नाही, पण आमची सकाळ छान जाऊ लागली. खरं सांगतो, खोलीवर एकट्याने राहणाऱ्या मला त्या गाण्यांची त्यांच्याइतकीच गरज होती.

मग त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. "खलास!" म्हणत डबा पिशवीत टाकून ते नाशिकला गेले, रिकाम्या घरात. तिथून व्हॉइस मेसेज यायचे. ओळ, ठेका आणि माझ्यासाठी सोडलेली जागा. मी झेलून परत पाठवायचो.

उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबा झोपेतच गेले, म्हणाली.

त्यांचा शेवटचा मेसेज मी अजून बसमध्ये लावतो. ते ओळ म्हणतात, थांबतात. मी झेलतो. मी चुकलो तरी पुढची ओळ वेळेवर येते. "जागा बरोबर" एवढं मात्र कोणी म्हणत नाही.