तिसरं पान

येडशीच्या पल्याडच्या वाडीत दगडाबाई पत्रावळी लावते. टेकडीवरचे पळस, एक गोणपाट आणि सत्तरीतही न थकलेले हात, एवढाच तिचा कारखाना. त्यावरच तिची चूल पेटते. पळसाच्या देठाला पानं तीन; सासूनं घालून दिलेली रीत अशी की दोन खुडायची, एक झाडाला ठेवायचं. चाळीस वर्षांत तिनं ती मोडली नाही.

बाई मात्र महासंशयी. का नसावी? दोन वर्षांपूर्वी वनखात्याचा एक वहीवाला गोड बोलून, टेकडीवर कोणाच्या शेळ्या चरतात ते विचारून गेला आणि महिन्याभरात तिच्या जावेच्या शेळ्यांना टेकडी बंद झाली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

म्हणून यंदा नॉर्वेची एक बाई दारात आली, तेव्हा दगडाबाईनं आधी पानांचं गोणपाट कणगीमागं ढकललं. सोबत धाराशिवची कॉलेजातली अर्पिता होती. तिनं समजावलं, पाच देशांतल्या लोकांना झाडांबद्दल काय वाटतं, ते ताडून बघायचंय.

"कुठंबी जा पोरी, पळसाला पानं तीनच. त्येवढ्यासाठी समुंदर ओलांडून आली व्हय ही?"

"आजी, टेकडीवर किती वेळा जाता?" अर्पितानं विचारलं.

"म्या? गुडघं धरल्यात. न्हाय जात."

"झाडं गेली तर किती वाईट वाटेल? एक ते पाच आकडा सांगा; एक म्हणजे काहीच नाही, पाच म्हणजे फार."

"एक."

गल्लीतल्या बायांनाही तिनं हेच पढवलं. कशी फसवली गोरीला, म्हणून दोन दिवस खुशीत होती.

दिवाळीनंतर ग्रामसभेत वनखात्याच्या एका साहेबानं त्या नॉर्वेच्या बाईचा अहवाल वाचला. नॉर्वे-जपानची माणसं झाडांवर जीव टाकणारी आणि ही वाडी पार तळाला. "लोकांचा टेकडीशी संबंध उरलेला नाही. कुंपण घालून टेकडी बंद केली तर कोणाची हरकत नसावी."

दगडाबाईला कळून चुकलं. स्वतःचं शहाणपण अंगाशी आलं होतं, सगळ्या वाडीच्या अंगाशी. ती उठून उभी राहिली.

"सायेब, म्या खोटं बोलले. टेकडीवर जाऊन बघा. ज्या देठाला एकच पान दिसंल, तितं म्या गेलते."

साहेबानं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"म्हणजे पानं तुम्हीच तोडता तर?"

तिला ती जुनी वही आठवली. नाही म्हणावं, असं एकदा ओठावर आलंही.

"व्हय, म्याच," ती म्हणाली. "ल्हिवा. आन् एक सोडते, ते बी ल्हिवा."